ऋणाची मर्यादा

आपल्या धर्मशास्त्राने ऋणाला मृत्यूची मर्यादासुद्धा मानली नव्हती. पित्याने काढलेले कर्ज पुत्राने सव्याज फेडावे आणि पितामहाचे कर्ज पौत्राने मुद्दलापुरते फेडावे, असा स्मृतिकारांचा दंडक होता. मद्यपान, द्यूत अथवा कामासक्ती यांपायी झालेले देणे आणि दंडाची वा जकातीची राहिलेली बाकी यांसारख्या देण्यांचाच काय तो त्यांनी या दायित्वाला अपवाद केला होता. मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे ग्रंथ जेथे प्रमाण मानले जात, त्या मुंबई इलाख्यात इंग्रजी अदालतींनीही हा दंडक असा काही कठोरपणे चालविला की, वडिलांकडून ज्याच्या हाती एक कवडीही आली नाही अशा मुलावरसुद्धा वडिलांच्या देण्याचा हुकूमनामा होऊ शकत असे. १८६६ साली मुंबई सरकारने हिंदू वारसांच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि वारसाला जेवढी मिळकत प्राप्त झाली असेल तेवढ्यापुरतेच पूर्वजांचे देणे त्याच्यावर लागू राहील, असे ठरविले. त्याच १८६६ साली हिंदुस्थान सरकारने कंपन्यांविषयीचा आपला पहिला सर्वांगीण कायदाही मंजूर केला. एका कायद्याने बाप आणि बेटा यांच्यामधील ऋणाची साखळी सैल केली, तर दुसऱ्याने माणूस आणि त्याचा धंदा यांच्यामधील साखळी सोडविण्याच्या रीतीला व्यवस्था लावून दिली. दोन्ही कायदे एकमेकांकडे पाहून केले गेले नव्हते, पण आपल्याकडील लहान व्यापारी आणि कारखानदार यांच्या पुढील शतकाच्या इतिहासाकडे पाहताना ते शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

लहान धंद्याने कंपनी म्हणून नोंदणी करावी की करू नये, हा प्रश्न आज बहुधा करसल्लागाराच्या कचेरीत विचारला जातो आणि आकड्यांनीच त्याचे उत्तर दिले जाते. नोंदणीने नेमके काय मिळते व काय जाते, हे मात्र ज्या लोकांनी ती केली अथवा केली नाही त्यांच्या गतीवरून अधिक स्पष्ट दिसते. त्या गतीचा मागोवा घेता मला असे वाटू लागले आहे की, ‘लिमिटेड’ या शब्दाने जे वचन सर्वांत मोठ्याने दिले, म्हणजे कर्जापासून संरक्षणाचे, ते लहान धंद्याच्या बाबतीत बरेचसे पोकळ ठरले. आणि ज्या लाभाचा फारसा गाजावाजा झाला नाही, त्या स्थैर्यातच या संस्थेचे खरे मोल आणि तिचा खरा काच दोन्ही सामावले होते.

सामायिक व्यापार आपल्याला नवीन नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘संभूयसमुत्थान’ या प्रकरणात एकत्र येऊन धंदा करणाऱ्या वाण्यांनी नफा व तोटा आपापल्या भांडवलाच्या प्रमाणात अथवा ठरल्या करारानुसार वाटून घ्यावा, कपटी भागीदाराला नफा न देता बाहेर काढावे, ज्याला स्वतः काम करणे शक्य नसेल त्याने ते दुसऱ्याकरवी करवून घ्यावे, असे नियम सांगितले आहेत. या भागीदारीच्या जोडीला एकत्र कुटुंबाची पेढी होती. तिचा कर्ता आपल्या सर्वस्वानिशी सावकाराला बांधलेला असे, आणि इतर सहदायाद मात्र कुटुंबाच्या मिळकतीतील आपापल्या हिश्शापुरते जबाबदार धरले जात. म्हणजे मर्यादित जबाबदारीचे एक बीज आपल्या कुटुंबसंस्थेतही होते, फक्त ते पुत्राच्या धार्मिक ऋणाखाली दबून गेले होते. कर्ज वसूल करण्याची रीत या कल्पनांना साजेशीच होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात त्याने तगाद्याचे सविस्तर वर्णन केले आहे: नुसत्या विनवणीपासून आरंभ करून दारात माणूस बसविणे, ऋणकोचे खाणेपिणे अडविणे आणि अखेर त्याला भर उन्हात डोक्यावर धोंडा देऊन उभे करणे, येथपर्यंत हे प्रकार जात. या व्यवस्थेत क्रूरता होती हे खरे, पण तिच्यामुळेच पेढीच्या हुंडीला मोल येत असे. कारण धनको पैसे देताना दुकानाकडे पाहत नसे, दुकानाच्या धन्याचे घर, त्याची जमीन, त्याची मुले आणि त्याची अब्रू या साऱ्यांकडे पाहून तो थैली मोकळी करीत असे.

या जगात नवे कायदे टप्प्याटप्प्याने आले. १८५० च्या कायद्याने भागभांडवलाच्या मंडळ्यांना नोंदणीची सोय दिली, पण भागधारकांची जबाबदारी अमर्याद ठेवली. इंग्लंडात १८५५ व १८५६ साली मर्यादित जबाबदारीचे तत्त्व मान्य झाल्यावर १८५७ साली, म्हणजे उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना, ते येथेही लागू करण्यात आले. बँका त्यातून वगळल्या होत्या, त्यांना १८६० साली ही मुभा मिळाली. या मुभेची पहिली परीक्षा मुंबईत झाली व ती भयंकर ठरली. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा पैसा मुंबईत लोटला, प्रेमचंद रायचंदांच्या नावाभोवती भागांचा बाजार फुगला, आणि बॅकबेच्या भराव कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या भागाला पन्नास हजारांच्या घरात किंमत येऊ लागली. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या फेडीची वेळ आली तेव्हा शहरातील मातबर घराणी एकामागून एक बसली; बँक ऑफ बॉम्बेलाही त्याच अनर्थातून पुढे आपला गाशा गुंडाळावा लागला. या प्रलयातून एक धडा स्पष्ट झाला. कायद्याने मर्यादा घातली होती ती भागाच्या ठरलेल्या रकमेपर्यंत. ती रक्कम पूर्ण भरलेली नसेल तर उरलेली मागण्याचा हक्क कंपनीला होताच, आणि भाग विकत घेण्यासाठी माणसाने स्वतः जे कर्ज काढले होते त्याला तर कसलीच मर्यादा नव्हती.

गिरण्या, रेल्वे आणि भराव यांच्यासाठी निर्माण झालेली ही संस्था लहान दुकानदाराने आपल्या अंगावर कधी घेतली, याचे उत्तर लंडनच्या एका चांभारी कारखान्यात सापडते. अॅरन सॅलोमन हा चामड्याच्या बुटांचा व्यापारी अनेक वर्षे स्वतःच्या नावाने धंदा करीत होता. १८९२ साली त्याने कंपनी नोंदवून तिला आपला धंदा सुमारे एकोणचाळीस हजार पौंडांना विकला, आणि मोबदल्यात वीस हजारांवर भाग व दहा हजार पौंडांचे कर्जरोखे घेतले. कायद्याला सात सभासद हवे होते म्हणून पत्नी, एक मुलगी व चार मुलगे यांना त्याने प्रत्येकी एकेक भाग दिला. धंदा बुडाला तेव्हा इतर धनकोंच्या वतीने असा युक्तिवाद झाला की, कंपनी म्हणजे सॅलोमनच होय, हे सारे सोंग आहे; खालच्या दोन्ही न्यायालयांना तो पटला, परंतु १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने असा निर्णय दिला की, एकदा रीतसर नोंदली गेलेली कंपनी ही आपल्या सभासदांहून सर्वस्वी निराळी व्यक्ती असते, मग ते सभासद एकाच घरातले का असेनात. या निर्णयाचे सर्व श्रेय लंडनला दिले जाते, तरी त्याच्या दहा वर्षे आधी, १८८६ साली, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने कोंडोली चहा कंपनीच्या प्रकरणात तेच तत्त्व मांडले होते. मळ्याचे मालक आणि कंपनीचे भागधारक तेच लोक असल्यामुळे मळा कंपनीच्या नावे करताना हस्तांतराची मुद्रांक-आकारणी लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने उत्तर दिले की कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, तेव्हा दस्त झाला तो विक्रीचाच. सॅलोमनला ज्या तत्त्वाने तारले, त्याच तत्त्वाने मळेवाल्यांच्या खिशाला चाट लावली.

१९१३ च्या हिंदी कंपनी कायद्याने खाजगी कंपनी हा निराळा वर्ग निर्माण केला. तिला दोन सभासद पुरत, पन्नासांहून अधिक घेता येत नसत, भाग हवे त्याला विकण्यास बंदी असे, आणि जनतेकडून भांडवल मागता येत नसे. या बंधनांच्या बदल्यात आपला ताळेबंद निबंधकाच्या दफ्तरी दाखल करून चारचौघांपुढे उघडा करण्यापासून तिला सूट मिळे. लहान धंद्याच्या मापाचा अंगरखा प्रथमच शिवला गेला. तो कोणाला कसा बसला हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील तीन उद्योगांच्या कथा पुरेशा आहेत, कारण त्या तिघांनी तीन निराळे मार्ग धरले.

पहिला उद्योग रंगभूमीचा. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी भागीदारीत स्थापन केली. काही वर्षांत टेंबे गेले, मागून बोडसही गेले, आणि बालगंधर्व एकटे मालक उरले. महाराष्ट्राने क्वचितच कोणावर केले असेल एवढे प्रेम त्यांच्यावर केले, पण पडदे, पोशाख, वाद्यवृंद आणि अत्तरे यांवरचा खर्च त्या प्रेमाने येणाऱ्या उत्पन्नालाही न पेलणारा होता, आणि मंडळीचे जे देणे झाले ते सारे नारायणरावांचे देणे झाले. हितचिंतकांनी वर्गणीने कर्ज वारण्याची तयारी दाखविली असता त्यांनी ती नाकारली, असे सांगतात. जे आपण केले ते आपणच फेडायचे, ही त्यांची निष्ठा होती. त्यांच्या आयुष्याची ऐन वर्षे या फेडीत खर्ची पडली. याज्ञवल्क्याच्या काळापासून चालत आलेली ऋणाची कल्पना येथे एका कलावंताच्या रूपाने आपल्या पूर्ण तेजात आणि पूर्ण दाहकतेत दिसते. व्यवस्थापक व भागधारक असलेली, आणि वर्षअखेर हिशेबतपासनीसापुढे वह्या मांडणारी एखादी कंपनी त्यांच्या जागी असती, तर तिने कदाचित त्या अत्तरांना आणि मखमलीला परवानगीच दिली नसती. आणि मग कर्ज टळले असते तसे गंधर्वयुगाचे वैभवही टळले असते, हेही विसरता येत नाही.

ज्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्वांनी १९३५ साली संत एकनाथांची भूमिका केली, तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी हा दुसरा उद्योग होय. नावात कंपनी असली तरी ती भागीदारीची पेढी म्हणून १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात जन्मास आली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ साली ती पुण्यास आली आणि दशकभर हिंदी व मराठी चित्रसृष्टीचे मस्तक होऊन राहिली. भागीदारीचे बळ असे की पाच माणसे परस्परांवर सर्वस्वाचा भरवसा टाकून कामाला लागतात, आणि दुर्बलता अशी की तो भरवसा हाच तिचा पाया असल्यामुळे माणूस गेला की पाया हलतो. १९४२ साली शांतारामबापूंनी बाहेर पडून राजकमल काढले, १९४५ साली दामले वारले, आणि पुढील दहा वर्षे पुरी होण्याच्या आत स्टुडिओचा कारभार आटोपला; त्याच जागेत १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९३२ च्या भागीदारी कायद्यात, करारात अन्यथा ठरले नसेल तर, एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढी संपते असे कलमच आहे. तरी प्रभातच्या अस्ताचे खापर केवळ तिच्या कायदेशीर स्वरूपावर फोडणे अन्यायाचे होईल. हिमांशु राय यांनी १९३४ साली मर्यादित कंपनीच्या रूपाने उभी केलेली बॉम्बे टॉकीज ही संस्था त्यांच्या मृत्यूनंतर अशीच दुभंगली, १९४३ साली तिच्यातून फिल्मिस्तान निघाले, आणि प्रभातच्याच सुमारास तीही अस्तंगत झाली. मनांची फाटाफूट निबंधकाच्या शिक्क्याने सांधली जात नाही.

तिसरा उद्योग नांगरांचा. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून किर्लोस्कर बंधूंनी आरंभ केला. तेथील जागा सोडावी लागल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी वसविली. पहिली दहा वर्षे घरचा पैसा, आप्तस्नेह्यांचा पैसा आणि औंध दरबारचे साहाय्य एवढ्यावर कारखाना चालला. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली, आणि ज्याला लक्ष्मणरावांची व्यक्तिशः ओळख नव्हती अशा माणसालाही त्या माळरानावर आपला पैसा गुंतविण्याचा मार्ग मोकळा झाला. नोंदणीचा हा लाभ सर्वांत उघड आहे. पण त्याहून मोठा लाभ कालांतराने दिसला. १९४१ साली हरिहरला, १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांसाठी आणि बंगलोरला विद्युत यंत्रांसाठी अशा निरनिराळ्या कंपन्या निघाल्या, त्यामुळे एकीचा तोटा दुसरीच्या तिजोरीत आपोआप शिरू शकत नव्हता. आणि १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले तेव्हा कारखान्याच्या मालकीचा एकही दस्त त्यासाठी बदलावा लागला नाही. भाग एका हातातून दुसऱ्या हाती गेले, एवढेच.

एवढे पाहिल्यावर प्रत्येक दुकानाने ‘लिमिटेड’ व्हावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. त्या मोहाला आवर घालणाऱ्या गोष्टीही इतिहासातच आहेत. पहिली गोष्ट म्हणजे धनकोचा शहाणपणा. कायद्याने मालकाचे घर सावकाराच्या हातून काढून घेतले, तेव्हा सावकाराने, आणि पुढे बँकेने, ते मालकाच्याच सहीने परत मिळविले. कंपनी लहान असेल तर तिच्या कर्जाला संचालकांची व्यक्तिगत हमी मागितली जाते, आणि हमी दिली की मर्यादा उरते ती फक्त कागद पुरविणाऱ्या वा कच्चा माल पुरविणाऱ्या लहान धनकोपुरती. म्हणजे ज्याला सावध राहण्याची ऐपत आहे तो सुरक्षित राहतो, आणि ज्याने विश्वासावर उधारी दिली तो बुडतो. ‘लिमिटेड’ पाटी पाहून जुन्या वळणाचा व्यापारी आपला हात आखडता घेत असेल, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, निराळी व्यक्ती निर्माण केली म्हणजे तिच्याशी परक्यासारखे वागावे लागते, आणि घरचा धनी हे विसरतो. आयर्लंडमधील मॅकॉरा नामक जमीनदाराने आपले इमारती लाकूड स्वतःच्या कंपनीला विकले, पण विमा मात्र आपल्याच नावे उतरविला. लाकूड जळाले आणि १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला सांगितले की, लाकूड कंपनीचे होते, तेव्हा त्याच्या नाशाने तुझे कायद्याने काहीच गेले नाही. गल्ल्यातून घरखर्चाला पैसे उचलण्याची जी सवय पेढीवर निरुपद्रवी असते, ती कंपनीत गैरव्यवहार ठरते.

तिसरी गोष्ट कराची. व्यक्तीला आयकरात काही रक्कम माफ असते, तर कंपनीवर सामान्यतः पहिल्या रुपयापासून ठरल्या दराने आकारणी होते. त्यामुळे अल्प नफ्याच्या धंद्याला कंपनी महाग पडते आणि भरपूर नफ्याच्या धंद्याला स्वस्त. जिथे स्वस्ताई असते तिथे युक्त्याही असतात. मुंबईच्या सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या गुंतवणुकी चार खाजगी कंपन्यांच्या नावे केल्या. लाभांश व व्याज कंपन्यांकडे जमा व्हावे आणि तेच पैसे ‘कर्ज’ म्हणून सर दिनशांकडे परत यावेत, अशी ती व्यवस्था होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ साली हा पडदा दूर सारून ते सारे उत्पन्न त्यांचेच ठरविले, आणि १९३० साली आयकर कायद्यात नवे कलम घालून खाजगी कंपन्यांत नफा न वाटता साठविण्याच्या वाटेवरही सरकारने चौकी बसविली. खाजगी कंपनीची गुप्ततेची सवलतही पुढील कायद्यांनी आखडत गेली, आणि सभा, ठराव, नोंदवह्या, वार्षिक विवरणे व विलंबाचा दंड यांचा भार, धंदा लहान म्हणून फारसा हलका झाला नाही.

परंतु सर्वांत खोल काच मला वाटते तो स्थैर्याच्याच पोटी जन्मलेला आहे. भागीदारी मर्जीची असेल तर कोणताही भागीदार नोटीस देऊन ती मोडू शकतो व आपला वाटा मागू शकतो. कंपनी तशी मोडत नाही. तीन भावांची खाजगी कंपनी असेल आणि दोघे एका बाजूला गेले, तर तिसऱ्याचे भाग कागदोपत्री लाखोंचे असूनही त्यांना गिऱ्हाईक नसते, कारण परक्याला ते विकण्याची मनाई नियमावलीतच असते. लाभांश जाहीर करणे न करणे दोघांच्या हाती असते, आणि संचालकपदावरून त्याला दूर सारले की घरच्या धंद्यात तो केवळ नावाचा धनी उरतो. १९५६ च्या कायद्याने ३९७ व ३९८ या कलमांत जुलूम व गैरकारभार यांविरुद्ध दाद मागण्याची जी तरतूद केली, ती अशाच अडकलेल्या अल्पसंख्य सभासदांसाठी होती, आणि त्यांपैकी कितीतरी फिर्यादींत वादी व प्रतिवादी यांचे आडनाव एकच होते. एकत्र कुटुंबात निदान वाटणीचा दावा लावण्याचा हक्क असे. कंपनीने तोही नाहीसा केला.

या दोन टोकांमध्ये काही साधता येईल का, या विचारातून अलीकडे नवे प्रकार निघाले. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारी आली, जिच्यात भागीदारीचा सैलपणा ठेवून जबाबदारीला बांध घातला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर एकट्या माणसालाही कंपनी नोंदविण्याची मुभा दिली. सॅलोमनला आपल्या मुलाबाळांना एकेक भाग देऊन जो देखावा करावा लागला होता, त्याची आता गरज उरली नाही. मात्र या एकट्याच्या कंपनीला कायद्याने एक अट घातली आहे: आपल्यामागे सभासद कोण होणार, त्याचे नाव त्याच्या संमतीसह नोंदणीच्या वेळीच दाखल केले पाहिजे. एका माणसाची कंपनी झाली, तरी ती त्या माणसाबरोबर मरू नये, ही काळजी कायद्याने सर्वांत आधी वाहिली आहे.

या अटीवरूनच लहान धंदेवाल्याने आपला प्रश्न नीट मांडावा असे वाटते. कर्जाच्या भयाने जो नोंदणीला जातो, त्याला बँकेची पहिली हमी लिहून देताना आपण विशेष काही मिळविले नाही, असे कळून येईल. कर वाचवायला जो जातो, त्याचा हिशेब दर अर्थसंकल्पाला बदलेल. ज्याचा धंदा त्याच्या हातातील कसबावर, त्याच्या गळ्यावर किंवा त्याच्या शब्दावर उभा आहे, आणि तो त्याच्याबरोबरच संपणे स्वाभाविक आहे, त्याला पेढीच बरी, कारण तिच्यातील स्वातंत्र्य आणि पत ही दोन्ही त्याच्या व्यक्तित्वातून आलेली असतात. परंतु जो आपल्या पश्चात, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसांच्या हातून धंदा चालावा अशी इच्छा धरतो, त्याने कंपनीची वाट धरावी. आणि ती धरण्यापूर्वी नियमावलीत, भावाभावांचे बिनसल्यास भाग कोणी, कोणत्या किमतीला आणि किती मुदतीत विकत घ्यावेत, हे कलम सर्वांचे मन एक असतानाच लिहून ठेवावे.